टेक्स्ट फाइलवरून इंग्रजी-मराठी शब्दांची प्रश्नमंजुषा (पायथन): बरोबर उत्तराला ‘चूक’ म्हणतंय, मदत हवी

बालाघाट · १२ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. धारूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे, चौथी-पाचवी माझ्याकडे. वर्गात एक लॅपटॉप आहे, त्यावर पायथन टाकून इंग्रजी शब्दांची प्रश्नमंजुषा केली. एका टेक्स्ट फाइलमध्ये एका ओळीवर एक शब्द: डावीकडे इंग्रजी, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे मराठी. प्रोग्राम फाइल वाचतो, ओळी पत्त्यांसारख्या पिसतो, एकेक शब्द विचारतो, उत्तर जुळलं की एक गुण. सगळं मिळून पन्नासेक ओळींचा प्रोग्राम आहे.

शब्द प्रोग्रामच्या आत न लिहिता वेगळ्या फाइलमध्ये ठेवले, त्याला कारण आहे. माझ्या वर्गातली बरीच लेकरं दिवाळी झाली की आईबापासोबत ऊसतोडीला जातात, ती पार मार्च उजाडेपर्यंत फडावर. कोपीत लॅपटॉप कुठला असणार? पण घरटी एक फोन असतो. टेक्स्ट फाइल कुठल्याही फोनवर उघडते आणि व्हॉट्सॲपवर क्षणात जाते. मोठा भाऊ वाचून विचारू शकतो. प्रोग्राम इथंच राहिला तरी शब्द लेकरासोबत जावेत, एवढाच हेतू.

आता अडचण. परवा एका मुलीला ‘वेल’ हा इंग्रजी शब्द आला. तिनं ‘विहीर’ लिहिलं. यंत्र म्हणालं, चूक. फाइलमध्ये ‘विहीर’ आहे, मी स्वतः लिहिलाय. मी येईपर्यंत तिनं वहीतलं ‘विहीर’ दोन रेघा मारून खोडलं होतं. मला म्हणाली, “सर, मग हिरीला काय म्हणत्यात?” आठ दिवसांपूर्वी तिला हाच शब्द पक्का येत होता. तेव्हापासून प्रोग्राम बंद ठेवलाय. लेकरू माझ्याशी भांडेल, यंत्राशी भांडत नाही. ते म्हणालं चूक, की चूक.

दोष कुठं असेल?

तेरणाकाठ · १२ ऑक्टोबर, रात्री १०:१५

सर, आधी दोन आकडे सांगा. फाइलमध्ये ओळी किती, आणि वाचून झाल्यावर प्रोग्रामजवळ शब्द किती भरतात? शब्द डिक्शनरीत ठेवलेत की यादीत?

बालाघाट · १२ ऑक्टोबर, रात्री १०:३२

डिक्शनरीत. ओळी २१४. शब्द २०९ दाखवतोय. पाच कुठं गेले?

तेरणाकाठ · १२ ऑक्टोबर, रात्री १०:५८

तिथंच सापडलं. डिक्शनरीत एका नावाचा एकच खण असतो. ‘वेल’ तुमच्या फाइलमध्ये दोनदा असणार. एकदा विहीर, पुढं कुठंतरी ‘चांगले’. दुसरी ओळ वाचताना पहिलीचा अर्थ पुसला जातो, आणि पायथन त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. बाकीचे चारही असेच दोन अर्थांचे निघतील, बघा.

उपाय सोपा. शब्द डिक्शनरीत असेल तर जुन्या अर्थांच्या यादीत नवा जोडायचा, नसेल तर नवी यादी उघडायची. म्हणजे खणात एक अर्थ नाही, अर्थांची यादी. मग ‘उत्तर त्या यादीत आहे का’ एवढंच तपासायचं.

बालाघाट · १३ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

तंतोतंत. वेल (विहीर, चांगले), वॉच (घड्याळ, पाहणे), फ्लाय (माशी, उडणे), ऑरेंज (संत्रे, नारिंगी), काइट (पतंग, घार). पाचही सापडले. घार तर आमच्या डोंगरावर रोज घिरट्या घालते आणि यंत्र लेकरांना ती चूक म्हणत होतं.

आज परिपाठ झाल्यावर त्या मुलीला सगळ्यांसमोर सांगणार आहे की तू बरोबर होतीस, दोष माझ्या प्रोग्रामचा होता.

वेरूळ · १३ ऑक्टोबर, दुपारी १:२०

हे सांगणं फार महत्त्वाचं आहे सर, जरूर सांगा.

मी संभाजीनगरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. मराठी फाइल म्हटली की तीन खड्डे ठरलेले असतात, ते आधीच दाखवून ठेवतो.

पहिला एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये कशी साठवायची त्या पद्धतीचा. विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितलं नाही, तर पायथन बहुतेक वेळा १२५२ नावाचं जुनं पश्चिम युरोपीय कोष्टक धरून वाचतो. यूटीएफ-८ या आजच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, त्या तिन्हींचे तीन वेगळे लॅटिन तुकडे होतात. मजकुराची खिचडी होते, पण प्रोग्राम चालत राहतो. आणि जोडाक्षर आलं की बंद पडतो. कारण पाय मोडायच्या चिन्हाचा, म्हणजे हलन्ताचा, तिसरा बाइट त्या कोष्टकात रिकाम्या जागेवर पडतो. म्हणून ‘घर’, ‘पान’, ‘नदी’ असली फाइल कशीबशी वाचली जाते आणि ‘रस्ता’ आलं की लाल अक्षरात एरर. माणूस ‘रस्ता’मध्ये चूक शोधत बसतो. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा, हा खड्डा बुजला.

दुसरा बीओएमचा. जुनं नोटपॅड यूटीएफ-८ फाइल जतन करताना अगदी सुरुवातीला एक न दिसणारं चिन्ह घालतं. विंडोज १० च्या मे २०१९ च्या आवृत्तीपासून हे आपोआप होत नाही, पण शाळेतले लॅपटॉप जुने असतात. याची खूण अशी: इंग्रजी दाखवून मराठी विचारलं तर सगळं ठीक, उलट विचारलं तर फाइलमधला पहिलाच शब्द कायम चूक. ते चिन्ह त्या पहिल्या इंग्रजी शब्दाला चिकटून बसलेलं असतं आणि स्ट्रिप केलं, म्हणजे कडांची मोकळी जागा काढली, तरी निघत नाही, कारण पायथन त्याला मोकळी जागा मानत नाही. एन्कोडिंगच्या नावापुढं ‘-सिग’ जोडा, म्हणजे यूटीएफ-८-सिग. वाचताना चिन्ह असेल तर काढून टाकतो, नसेल तरी अडत नाही.

तिसरा खड्डा काळ्या कमांड खिडकीचा. तिथं वेलांट्या आणि जोडाक्षरं नीट जुळत नाहीत, कधी चौकोनच दिसतात. पायथनसोबत येणाऱ्या आयडलमध्ये चालवा.

पूर्णाकाठ · १३ ऑक्टोबर, रात्री ८:४५

जिंतूर तालुक्यात इंग्रजी शिकवते. हा धागा वाचून मीही फाइल करायला घेतली आणि वेगळ्याच जागी अडले. मी मध्ये अपूर्णविरामाची दोन टिंबं वापरली होती. दीडशे ओळींपैकी पन्नासेक ओळी प्रोग्राम सोडूनच देतोय. डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही.

तेरणाकाठ · १३ ऑक्टोबर, रात्री ९:१०

मॅडम, त्या पन्नास ओळींत दोन टिंबं नसून विसर्ग असणार. इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठी चालू असताना अपूर्णविरामाच्या जागी ‘छ’ उमटतो. मग माणूस दोन टिंबांसारखं जे मिळेल ते दाबतो, आणि विसर्ग लगेच मिळतो. दिसायला जुळी भावंडं, यंत्राला मात्र दोन वेगळी चिन्हं. आणि विसर्गाला विभाजक मानावं, तर ‘दुःख’चे दोन तुकडे होतील.

कुठलं चिन्ह घ्यायचं ते बोटांना विचारून ठरवा. इंग्रजी शब्द लिहून झाला की कळफलक बदलायच्या आधीच बरोबरचं चिन्ह द्यायचं, कारण मराठी चालू झाल्यावर त्या जागी ‘कृ’मधला ऋकार येतो. मग मराठीवर जायचं. एकाहून जास्त अर्थ असतील तर मध्ये स्वल्पविराम, कारण तो इनस्क्रिप्टमध्येही आपल्या जागेवरच असतो. तिरपी रेघ घेऊ नका, तिथं ‘य’ आहे. म्हणजे एका ओळीत कळफलक एकदाच बदलायचा. दोनशे ओळी लिहिणाऱ्याला हा फरक मनगटात कळतो.

तोडताना पहिल्याच बरोबरच्या चिन्हावर तोडा, मग प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही कडांची मोकळी जागा काढा. रिकामी ओळ सोडून द्या. आणि चिन्ह नसलेली ओळ गुपचूप सोडू नका, तिचा क्रमांक पडद्यावर छापा. पन्नास ओळी गळाल्या हे मॅडमना पहिल्याच दिवशी कळलं असतं.

पूर्णाकाठ · १३ ऑक्टोबर, रात्री ९:५२

विसर्गच होता. नोटपॅडमध्ये सगळीकडे एकदम बदलून टाकला. मग ‘दुःख’ आणि ‘निःशब्द’ हाताने परत दुरुस्त केले.

आता माझा खरा प्रश्न, आणि तो प्रोग्रामचा नाही. ‘फील्ड’ला माझी मुलं ‘वावर’ लिहितात. काही ‘रान’ लिहितात. पुस्तकात ‘शेत’. ‘व्हेजिटेबल’ला एकानं ‘माळवं’ लिहिलं. भाकरीला ‘भाकर’. ‘चाइल्ड’ला ‘लेकरू’. ही उत्तरं बरोबर धरायची की नाही?

कन्नड_घाट · १४ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

नाही धरायची. स्पष्ट सांगतो. लेकरांना शिष्यवृत्ती परीक्षा द्यायची असते, नवोदयची पाचवीतच असते. तिथं पर्यायात ‘शेत’ असेल, ‘वावर’ नसेल. आपण लाड करायचे आणि लेकराचा गुण जायचा. मी स्वतः खेड्यातून शिकलो, प्रमाण मराठी मला फार उशिरा आणि फार अपमान सोसून शिकावी लागली. माझ्या विद्यार्थ्यांना ती लवकर यावी, असं मला मनापासून वाटतं.

पूर्णाकाठ · १४ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

दादा, तुमची तळमळ कळते. पण प्रश्न इंग्रजीचा चाललाय. ‘फील्ड’ म्हणजे काय हे त्या मुलाला कळलं आहे, त्याच्या डोळ्यासमोर त्याचं वावर आलं आहे. तिथं ‘चूक’ म्हटलं तर तो काय समजेल? ‘फील्ड’ म्हणजे वावर नाही. म्हणजे चांगलं कळलेलं इंग्रजी आपणच पुसतोय.

बालाघाट · १४ ऑक्टोबर, दुपारी ४:५०

दोघांचंही पटतंय, म्हणून दिवसभर डोक्यात हेच होतं. शाळा सुटल्यावर बसून केलं आणि जमलं.

अर्थांच्या क्रमालाच काम दिलं. बरोबरच्या चिन्हानंतरचा पहिला शब्द पुस्तकातला, स्वल्पविरामानंतरचे आपले. ‘फील्ड = शेत, वावर, रान’. लेकरानं यादीतलं काहीही लिहिलं तर पूर्ण गुण. पण उत्तर पहिला शब्द सोडून दुसरं असेल, तर खाली एक ओळ येते: “बरोबर! पुस्तकात ‘शेत’ असं लिहितात.” फाइलमध्ये नवीन चिन्ह नाही, वेगळा रकाना नाही. फोनवर वाचणाऱ्या भावालाही कळतं.

वेलसारख्या दोन अर्थांच्या शब्दाला दोन ओळीच ठेवल्या. प्रत्येक ओळीचा पहिला शब्द पुस्तकी मानला, म्हणजे ‘विहीर’ आणि ‘चांगले’ दोन्ही पहिलेच. विहिरीच्या ओळीत ‘हीर’ पण घातलं. त्या मुलीसाठी.

कन्नड_घाट · १४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:०५

हे चालेल. माझा आक्षेप मागे.

मांजरा · १७ ऑक्टोबर, रात्री ११:३०

लातूरहून. वरचं सगळं करूनही माझ्याकडं ‘स्टेअर्स’ला ‘पायऱ्या’ चूक येतंय. फक्त काही लेकरांचं, सगळ्यांचं नाही. यादीत एकच ओळ आहे, मोकळी जागा काढली आहे.

वेरूळ · १८ ऑक्टोबर, सकाळी ८:००

फाइलमधल्या आणि मुलाने लिहिलेल्या अशा दोन्ही ‘पायऱ्या’ची लांबी पायथनला विचारा.

मांजरा · १८ ऑक्टोबर, सकाळी ८:२५

फाइलमधला ७. मुलाचा ८!

वेरूळ · १८ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

अपेक्षेप्रमाणे. ‘पायऱ्या’मधला चंद्रकोरीसारखा र दोन पद्धतींनी टंकता येतो. एका पद्धतीत खाली टिंब असलेला ‘ऱ’, हलन्त आणि य. दुसऱ्या पद्धतीत साधा ‘र’, हलन्त, मग एक न दिसणारा जोडक आणि य. पडद्यावर दोन्ही एकच. आधीचा सात चिन्हांचा, नंतरचा आठ. कुठला कळफलक वापरला यावर ठरतं, मुलाची काही चूक नाही. ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’, ‘सुऱ्या’ सगळीकडे हेच होणार.

‘ॲम्ब्युलन्स’च्या ‘ॲ’चंही तसंच. त्याला स्वतंत्र जागा युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, २००८ साली मिळाली. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन लिहायचे आणि अजूनही पुष्कळ जण तसंच लिहितात. पायथनमध्ये युनिकोडचं प्रमाणरूप करून देणारी सोय आहे, ती वापराच, पण ती या दोन जोड्या जुळवत नाही. त्यासाठी स्वतः अदलाबदल लिहावी लागते. जुन्या डीटीपी फॉन्टमधून रूपांतर केलेल्या प्रश्नपत्रिका असतील तर तिसरीही पाहा: ‘आ’ऐवजी ‘अ’ला काना जोडलेला असतो.

म्हणून ‘स्वच्छ’ नावाचं एक फंक्शन करा. कडांची मोकळी जागा काढणं, इंग्रजी असेल तर लहान लिपीत आणणं, प्रमाणरूप, मग या अदलाबदली. फाइलमधला शब्द आणि मुलाचं उत्तर, दोन्ही त्याच फंक्शनमधून जाऊ द्या. एकच बाजू स्वच्छ केली तर उपयोग शून्य.

मांजरा · १८ ऑक्टोबर, रात्री ९:००

झालं. दोन्ही ‘पायऱ्या’ जुळल्या. भाऊ, लई उपकार.

आणि त्याच फंक्शनच्या जोरावर एक पायरी पुढं गेलो. उत्तर जुळलं नाही तर दोन्हीकडच्या ऱ्हस्व वेलांट्या दीर्घ करायच्या, ऱ्हस्व उकारही दीर्घ, आणि परत ताडून बघायचं. आता जुळलं तर “अर्थ बरोबर, वेलांटी-उकार तपास” आणि पुन्हा संधी. ‘विहिर’ लिहिणारी लेकरं फार आहेत. ती ‘विहिरीत’, ‘विहिरीवर’ असं वाचत असतात, तिथं ‘हि’ पहिलीच असते. त्यांना सरळ चूक म्हणणं बरं नाही.

तेरणाकाठ · १९ ऑक्टोबर, दुपारी २:१५

पर्याय देऊन विचारणार असाल तर एक सांभाळा. चुकीचे तीन पर्याय बाकीच्या शब्दांतून उचलताना बरोबर अर्थाशी एक जरी शब्द सामाईक असेल तो वगळा. नाहीतर ‘फील्ड’च्या प्रश्नात ‘फार्म’चा अर्थही येतो आणि पडद्यावर ‘शेत’ दोनदा दिसतं. उलट विचारतानाही ‘शेत’ला फील्ड आणि फार्म दोन्ही मान्य करा.

बालाघाट · २ नोव्हेंबर, रात्री ८:२०

एक नुकसान झालं, ते सांगतो म्हणजे बाकीच्यांचं होणार नाही.

कुणाला कुठला शब्द येत नाही हे लक्षात राहावं म्हणून मी प्रत्येक शब्दापुढं आकडा लिहायला लागलो, त्याच फाइलमध्ये. लिहिण्यासाठी फाइल उघडली की पायथन ती आधी रिकामी करतो आणि मग लिहायला घेतो. लॅपटॉपची बॅटरी कधीच गेलेली, तो थेट प्लगवर चालतो. नेमकं तेव्हाच भारनियमन. लाइट आल्यावर फाइल उघडली, शून्य बाइट. २१४ ओळी गेल्या. निम्म्या व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या जुन्या फाइलमधून मिळाल्या, बाकी रात्री परत लिहिल्या.

वेरूळ · २ नोव्हेंबर, रात्री ९:३०

वाईट वाटलं सर. आता शब्दांची फाइल प्रोग्रामनं फक्त वाचायची, तिच्यावर कधीच लिहायचं नाही. प्रगतीची फाइल वेगळी, दर लेकराची एक, हजेरी क्रमांकाच्या नावानं. तीही थेट लिहू नका. शेजारी तात्पुरत्या नावानं पूर्ण लिहा, बंद करा आणि मग जुनीच्या जागी तिचं नाव बदला. ओएस मॉड्यूलमधलं ‘रिप्लेस’ हे काम करतं. मध्येच लाइट गेली तर फार तर आजचा आकडा जाईल, जुनी फाइल शाबूत राहील.

आकड्यासाठी लाइटनरचे कप्पे वापरा. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकारानं १९७० च्या दशकात कागदी कार्डांसाठी ही पद्धत मांडली. नवा शब्द पहिल्या कप्प्यात. उत्तर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज विचारायचा, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्यानं, असं पुढं. फाइलमध्ये फक्त शब्द आणि कप्प्याचा क्रमांक, बस.

बालाघाट · २ नोव्हेंबर, रात्री १०:०५

लेकरू मार्चमध्ये परत आलं की त्याची फाइल उघडायची आणि सगळे शब्द एक-एक कप्पा मागं घ्यायचे. वर्ग कुठवर गेला यापेक्षा ते जिथं थांबलं होतं त्याच्या जरा मागून सुरुवात. परवापासून टोळ्या निघायला लागल्यात. मुकादमाचा ट्रॅक्टर गावात लागला की वर्गातले बाक रिकामे दिसायला लागतात. आज अकरा फोनवर फाइल पाठवली.

मांजरा · येळवशीची अमावस्या, दुपारी ३:४०

आज येळवस, शाळेला सुट्टी. भज्जी-आंबील झाली, आता शेतातल्या कोपीशेजारी बसून फाइल वाढवायलोय. पूर्णाकाठ ताई, तुमची दीडशेची फाइल आणि बालाघाट सरांची एक केली. ज्या ओळी दोन्हीकडं होत्या त्यांचे अर्थ एकत्र झाले, काही पुसलं नाही.

बालाघाट · ९ जानेवारी, रात्री ९:१५

काल फडावरून एक फाइल परत आली. सहाव्या बाकावरच्या मुलाचा थोरला भाऊ, तो कोयता चालवतो. त्यानं आमच्या फाइलच्या खाली स्वतः सात ओळी घालून पाठवल्या. पहिलं अक्षर फोननं मोठ्या लिपीत केलेलं, एका ओळीत बरोबरच्या चिन्हाऐवजी आडवी रेघ. प्रोग्रामनं ओळ क्रमांक २२० छापून दाखवली, मी ती दुरुस्त केली.

‘शुगरकेन = ऊस’, ‘बंडल = गठ्ठा, मोळी’, ‘कार्ट = गाडी’, ‘रोप = दोरी, दावं’, ‘कोल्ड = थंड, गारठा’, ‘स्मोक = धूर’. सातवी ओळ अर्धीच होती: ‘सिकल’, चिन्ह, आणि पुढं रिकामं. खाली मेसेज होता: “सर, पुस्तकात विळा हाय, पण आमचं काम कोयत्यावर. पयला कुठला लिहू?”

पूर्णाकाठ ताई, तुम्ही काय केलं असतं?

पूर्णाकाठ · ९ जानेवारी, रात्री ९:४०

‘सिकल’चा अर्थ विळाच, तो पहिला. दुसरा ‘इळा’. कोयत्यासाठी वेगळी ओळ घाला: ‘बिलहुक = कोयता’. त्याच्या हातातल्या अवजाराला स्वतःचा इंग्रजी शब्द आहे, तो त्याला मिळू द्या.

बालाघाट · ९ जानेवारी, रात्री ९:५५

घातली. ओळ २२२. फाइल आत्ताच परत पाठवली.